नीरा डावा कालवा : पाणी, ऊस आणि जमिनीतील क्षार

वीरजवळून निघणारा नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून सुमारे १०० मैल वाहतो. १८७६-७७च्या दुष्काळानंतर सरकारने हे काम हाती घेतले आणि १८८०च्या दशकात कालव्यास पाणी सुटले. त्यासाठी वेळवंडी नदीवर भाटघरला धरण बांधले गेले. पुढे १९२८मध्ये तेथेच मोठे लॉइड धरण पुरे झाले.

कालव्याचा मूळ हेतू ज्वारी-बाजरी वाचविण्याचा होता. परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी भुसार पिकाला पैसे देऊन पाणी कोण घेणार? बारमाही पाणी पेलणारे पीक उसाचेच. कालव्याच्या काठाने गुऱ्हाळे उभी राहिली, लाकडी चरकाची जागा लोखंडी चरकाने घेतली. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला व त्याच वसाहतीत पुढे यंत्रे घडविणारा मोठा उद्योग वाढला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथे सहकारी कारखाने आले.

जमिनीवरची वनस्पतीही बदलली. कालव्याच्या भरावावर बाभूळ वाढली, पाझराच्या ओघळीत लव्हाळा व पाणकणीस माजले. मूळचा माळ कसा होता हे पाहावयाचे असेल तर त्याच बारामती तालुक्यात सुप्याला जावे. तेथील मयूरेश्वर अभयारण्यात (१९९७) कुसळी गवत आणि चिंकारा अजून आहेत.

जादा पाण्याचे दुष्परिणाम फार लवकर दिसू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी तम्हाणे यांच्यासमवेत नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून तो १९१०मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे कालव्याला अवघी २५ वर्षे झाली होती! त्याआधीच विश्वेश्वरय्या यांनी 'ब्लॉक' पद्धत सुचविली होती : ठरलेल्या गटात काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, पण ऊस सुमारे एक-तृतीयांश क्षेत्रावरच, उरलेल्यात हंगामी पिके. बागायतदारांनी तिला विरोध केला. माझ्या मते ती पद्धत पाण्याइतकीच जमिनीच्याही हिताची होती.

मीठ येते कोठून? ते कालव्याच्या पाण्यात थोडे व जमिनीत अधिक असते. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरते पण वाहून जात नाही. भूजल पातळी मुळांपर्यंत चढते, केशाकर्षणाने पाणी वर येते, उन्हाने उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे राहतात. क्षारता ४ डेसीसायमनपेक्षा जास्त व सामू ८.५पेक्षा कमी असल्यास जमीन क्षारयुक्त समजावी. सामू ८.५च्या वर व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असल्यास ती चोपण होय. दोहोंचे उपाय वेगळे आहेत, म्हणून माती तपासल्याशिवाय काहीही विकत आणू नये.

माझ्या आजोळची दोन एकर जमीन या कालव्याच्या शेवटाकडे आहे. मामांनी सलग दोन वर्षे जिप्सम टाकले, पाणीही भरपूर दिले. ऊस पिवळाच राहिला, कारण शेताला निचराच नव्हता. सुटलेले सोडियम जाणार कोठे? खर्च वाया गेला आणि पातळी आणखी वर आली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या तिघांना सोबत घेऊन नाल्यापर्यंत चर काढला, मग पुन्हा जिप्सम शेणखतात मिसळून घातले, धैंचा गाडला. त्या पट्ट्यात आता गहू येतो, ऊस अद्याप लावलेला नाही.

एकट्याच्या शेतात चर किंवा सच्छिद्र पाइप घालून उपयोग होत नाही, खालच्या शेतकऱ्याने पाण्याला वाट दिली पाहिजे. उन्हाळ्यात नाल्यातील गाळ व पाणकणीस काढून घ्यावे. ऊस घ्यायचाच असल्यास ठिबकवर घ्यावा आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची क्षार सहन करणारी फुले २६५ ही जात निवडावी. हे केंद्र नीरेच्याच काठी आहे, माती घेऊन प्रत्यक्ष गेलेले बरे.