बंद पडलेली ट्यूब डब्यात टाकू नका

ट्यूब आणि पिळाचा पांढरा सीएफएल बल्ब यांत काही मिलिग्रॅम पारा असतो. काच फुटली की त्याची वाफ होते. तिला रंग नाही, वास नाही. ती श्वासावाटे शरीरात जाते. लहान मुले व गरोदर बायांना धोका अधिक. तारेच्या जुन्या पिवळ्या बल्बात किंवा एलईडीत पारा नसतो.

एक बल्ब फुटला म्हणून घाबरू नये. पण घंटागाडीवरचा कामगार, कचरा वेचणारी बाई रोज असे कितीतरी हाताळतात, आणि ती बहुधा आपल्याच वस्तीतली माणसे.

घरात फुटलाच तर पंखा बंद करा, दारे-खिडक्या उघडा, मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटे बाहेर थांबा. झाडू मुळीच मारू नका, पारा पसरतो. पुठ्ठ्याने काचा उचला, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, ओल्या कागदाने पुसा. सगळे झाकणाच्या बरणीत बंद करून घराबाहेर ठेवा, हात धुवा.

न फुटलेला बल्ब नव्याच्या खोक्यात घालून, वर ‘पारा आहे’ असे लिहून घंटागाडीवर वेगळा द्या. 2016 च्या घनकचरा नियमांत तो घरगुती घातक कचरा धरला होता. भंगारात घालू नका. टोपीच्या धातूसाठी तिथे काच फोडली जाते.