पासपोर्टची मुदत : परदेशी नोकरीची पहिली पायरी



आम्ही बँकेत कारकून आहोत. सोनेतारण कर्जाचे काम आमच्या टेबलावर असते. काही वर्षांपूर्वी एक माउली मंगळसूत्र व दोन पाटल्या घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. मुलाला आखातात वेल्डरची नोकरी लागली होती. वैद्यकीय तपासणी, एजंटाची फी आणि तिकीट यांसाठी पैसे हवे होते. कर्ज मंजूर झाले. महिन्याभराने तोच मुलगा खाली मान घालून आला. पासपोर्टची मुदत संपायला चारच महिने उरले होते, म्हणून व्हिसाचे काम अडले. नवा पासपोर्ट हाती येईपर्यंत जागा दुसऱ्याला गेली. कर्जाचे व्याज मात्र चालू राहिले. "पासपोर्ट चालू आहे, मग नाही कसं म्हणतात?" या त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांला नीट देता आले नाही. ते आज देत आहोत.

सहा महिन्यांचा नियम

पासपोर्टवर छापलेली शेवटची तारीख ही आपल्या सोयीची तारीख नव्हे. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया यांसारखे देश पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, अशी अट घालतात. काही ठिकाणी नोकरीच्या व्हिसासाठी याहून जास्त मुदत मागतात. यामागचे कारण साधे आहे. माणूस आजारी पडला, नोकरी सुटली किंवा मुक्काम लांबला, तरी त्याला मायदेशी परतता यावे, म्हणून त्याचे कागद जिवंत असावे लागतात. शिवाय कामाचा करार बहुधा दोन वर्षांचा असतो. म्हणून तेवढी मुदत हाती असलेली केव्हाही बरी.

उलटी मोजणी

समजा, पासपोर्टची मुदत 10 ऑक्टोबर 2027 रोजी संपते. त्यातून सहा महिने वजा करा. 10 एप्रिल 2027 नंतर तो पासपोर्ट नोकरीच्या कामासाठी संपल्यातच जमा. मुलाखत, वैद्यकीय तपासणी, व्हिसा व इतर मंजुरी यांत दोन-तीन महिने सहज जातात. म्हणजे जानेवारी 2027 मध्येच हात बांधले गेले! आपल्याकडे मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. वरील उदाहरणात ही सोय ऑक्टोबर 2026 पासून मिळते. ती त्याच वेळी घ्यावी.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. नव्या पासपोर्टचा क्रमांक नवा असतो. व्हिसा मात्र जुन्या क्रमांकावर निघालेला असला, तर दुरुस्तीचा खटाटोप मागे लागतो. म्हणून नूतनीकरण आधी करावे आणि मगच एजंटाला किंवा मालकाला पासपोर्टची प्रत द्यावी.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे

प्रौढांचा पासपोर्ट 10 वर्षांचा असतो. लहान मुलांचा 5 वर्षांचा किंवा 18 वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तेवढा. शाळेत असताना काढलेला पासपोर्ट पेटीत आहे म्हणून निश्चिंत राहू नये, तारीख पाहावी.

दुसरी बाब दहावीच्या प्रमाणपत्राची. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला 'ई.सी.आर.' नोंद नसलेला पासपोर्ट मिळू शकतो. ही नोंद असेल, तर आखाती देश व मलेशियासह ठरावीक 18 देशांत नोकरीला जाताना 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांची मंजुरी लागते. तेथेही पासपोर्टची किमान सहा महिने मुदत पाहिली जाते. कित्येक मुले दहावी होऊनही जुनी नोंद तशीच वागवतात. नूतनीकरणाच्या वेळी प्रमाणपत्र जोडून ती काढून घ्यावी. मात्र कमी शिकलेल्या बांधवांनी ही मंजुरी म्हणजे कटकट समजू नये. ती त्यांच्या संरक्षणासाठीच आहे. तिला बगल देऊन पर्यटक व्हिसावर कामाला पाठवणाऱ्या दलालापासून दूर राहावे. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते.

तिकडे गेल्यावर

परदेशात मुदत संपत आली, तर तेथील भारतीय दूतावासातून नवा पासपोर्ट मिळतो. मुदत टळू देऊ नये, कारण निवास परवान्याचे नूतनीकरण त्यावर अडते. 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाला तो अडकवून ठेवण्याचा हक्क नाही. त्याची एक प्रत घरी आणि एक स्वतःजवळ ठेवावी.

तात्पर्य, नोकरीची जाहिरात वाचण्याआधी पासपोर्टची तारीख वाचावी, आणि दागिना गहाण ठेवण्याआधी तर नक्कीच वाचावी. नूतनीकरणाची फी दोन-चार दिवसांच्या मजुरीएवढी असेल, पण चुकलेल्या नोकरीची किंमत सारे घर मोजते.

स्वाध्याय
1) घरातील प्रत्येक पासपोर्टची शेवटची तारीख वहीत लिहा.
2) प्रत्येक तारखेतून सहा महिने आणि एक वर्ष वजा करून त्या दोन तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.
3) शेजारच्या एका घरी जाऊन हीच मोजणी त्यांना करून दाखवा.