नऊ अंकांचा रेझर

दाढीच्या पात्याचे पोलाद मनुष्याच्या केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असते. तरीही थोड्याच दिवसांच्या वापरानंतर ते पाते बोथट होते. कठीण वस्तूने मऊ वस्तू कापावी आणि अखेर कठीण वस्तूचीच धार जावी, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी केस कापला जात असताना पात्याच्या धारेचे निरीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केले व आपले निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध केले. धार सावकाश झिजत जात नसून तिचे अतिसूक्ष्म टवके उडतात, असे त्यांना दिसून आले. केस वाकून धारेवर तिरपा आला आणि त्याच जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, म्हणजे टवका उडण्याचा संभव वाढतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाते कितीही उत्तम असले तरी केस धारेसमोर कोणत्या कोनाने आणि कितपत मोकळा येतो, याला फार महत्त्व आहे. आणि हे ठरविणे पात्याच्या हाती नसून ते धरून ठेवणाऱ्या रेझरच्या हाती आहे. बहुतेक सेफ्टी रेझरांत ही रचना कारखान्यातच कायमची ठरलेली असते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास असे रेझर निघाले की ज्यांत एक कडे फिरवून धार व तिच्यापुढील रक्षक दांडी यांमधील फट वापरणाऱ्यास स्वतः कमीजास्त करता येई. आज अनेक देशांत या रेझरांचे संग्राहक आहेत, आणि विशेष म्हणजे त्यांपैकी पुष्कळजण संग्रहातील रेझरांनीच रोजची दाढी करतात.

सेफ्टी रेझरमध्ये मुख्यतः चार भाग असतात : वरची टोपी, मधले पाते, खालची तळपट्टी आणि मूठ. तळपट्टीच्या दोन्ही कडांस दांडी किंवा फणीसारखे दात असतात. रेझर गालावरून ओढला असता ही दांडी आधी त्वचेवरून जाते, त्वचा ताणते आणि धारेला मर्यादेपेक्षा खोल जाऊ देत नाही. दांडी व धार यांमधील फट अरुंद असली तर त्वचा तीत फारशी शिरत नाही. दाढी सौम्य होते, पण वाढलेले दाट केस फटीत अडकतात आणि तीच जागा पुन्हापुन्हा खरडावी लागते. फट रुंद असली तर लांब केस सहज कापले जातात, मात्र त्वचेलाही धारेकडे उचलले जाण्यास अधिक वाव मिळतो. मिलिमीटरच्या अल्पशा अंशाचा हा प्रश्न आहे. पात्याची स्वतःची जाडीच सुमारे ०.१ मिलिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या अंशाचे मोल कळते.

या रेझरचा इतिहास किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी गृहस्थापासून सुरू होतो. तो बाटल्यांची बुचे बनविणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. एकदा वापरून टाकून देता येईल असे पाते करावे, ही कल्पना त्याला १८९५ साली सुचली. इतक्या पातळ पत्र्याला पाणी देऊन धार लावता येणार नाही, असे जाणकार सांगत; कारण तापवून थंड करताना तो पत्रा वाकडा होई. ही अडचण विल्यम निकर्सन या अभियंत्याने दूर केली. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर व १६८ पाती खपली. पेटंट १९०४ साली मिळाले. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले, आणि घरी परतलेल्या सैनिकांबरोबर स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवयही घरोघरी गेली.

जिलेटच्या पहिल्याच रेझरमध्ये फट बदलण्याची सोय एका अर्थाने होतीच. त्यात टोपीच्या दाबाने पाते कमानीसारखे वाकते. मूठ किंचित सैल केली की कमान थोडी सरळ होते आणि धार दांडीपासून दूर जाते. पण मूठ नेमकी किती सैल केली हे सांगणारे काही चिन्ह नव्हते. शिवाय सैल पाते दोन्ही बाजूंस सारखे राहीलच, याचा भरवसा नव्हता.

याच कंपनीने १९५८ साली बाजारात आणलेल्या ‘१९५’ या रेझरने ही उणीव भरून काढली. त्याची किंमत १ डॉलर ९५ सेंट होती; नावही त्यावरूनच पडले. मुठीच्या टोकाशी असलेली कळ फिरवली की वरच्या दोन झडपा फुलपाखराच्या पंखांप्रमाणे उघडतात व पाते आत ठेवता येते. डोक्याखाली एक कडे असून त्यावर १ ते ९ अंक कोरलेले असतात. अंक वाढेल तशी फट वाढते. मूठ जाडजूड असल्यामुळे संग्राहकांनी त्याला ‘फॅट बॉय’, म्हणजे लठ्ठ पोरगा, असे नाव ठेवले आणि आज तो त्याच नावाने अधिक ओळखला जातो. १९६१ साली त्याची जागा बारीक मुठीच्या ‘स्लिम’ने घेतली आणि त्या दशकाच्या अखेरीस काळ्या मुठीचा ‘सुपर ॲडजस्टेबल’ आला. १९७१ साली दोन पात्यांची बंद डबी असलेला रेझर निघाल्यावर मात्र लोकांचे लक्ष तिकडे वळले आणि अंकांचे कडे मागे पडले. जर्मनीतील ‘मर्कुर प्रोग्रेस’ हा रेझर याच वर्गात मोडतो. त्यावर १ ते ५ अंक आहेत आणि त्याची युक्ती जिलेटच्या मूळ रेझरला अधिक जवळची आहे. टोपी वरखाली होते, पात्याची कमान बदलते आणि आतील स्प्रिंग सर्व भाग ताणून धरते.

संग्राहकाच्या दृष्टीने अमेरिकी रेझरांची एक मोठी सोय आहे. त्या काळातील जिलेट रेझरांच्या डोक्याखालच्या बाजूस एक अक्षर व एक अंक ठोकलेला असतो. अक्षर वर्ष दाखविते आणि अंक त्या वर्षातील तिमाही. ‘डी’ म्हणजे १९५८, ‘ई’ म्हणजे १९५९, ‘एफ’ म्हणजे १९६०, याप्रमाणे. ‘ई’ व ‘३’ अशी खूण असलेला रेझर १९५९ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात तयार झाला, असे निश्चित सांगता येते. ‘जी’ अक्षर ‘१९५’वरही सापडते आणि ‘स्लिम’वरही, कारण १९६१ साली एकाचे उत्पादन थांबत होते व दुसऱ्याचे सुरू झाले होते.

जुना रेझर घेताना चकाकीपेक्षा चाल पाहावी. झडपा एकसारख्या मिटतात काय, कडे प्रत्येक अंकावर अडते काय, आणि पाते घातल्यावर दोन्ही बाजूंची फट समान दिसते काय, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. अनेकदा रेझर बिघडलेला नसतो. दशकानुदशके साचलेल्या साबणाने तो जखडलेला असतो. पाते काढून, भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात तो काही वेळ ठेवावा व मऊ ब्रशने घासावा. सांध्यांत हलक्या खनिज तेलाचा एखादा थेंब सोडला तरी पुरतो. दुसऱ्याच्या वापरातला असल्याने अखेरीस अल्कोहोलने पुसून घ्यावा. राख, भुकटी किंवा तीव्र आम्ल यांनी निकेलचा पातळ मुलामा निघून जातो. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजविणेही अनिष्टच. रेझरला नवा मुलामा द्यावा की नाही, याविषयी संग्राहकांत एकमत नाही. नव्या मुलाम्याने वस्तू देखणी होते खरी. पण अंगठ्याच्या जागी झिजलेली मूठ आणि ठोकलेल्या खुणांच्या तीक्ष्ण कडा हाच त्या वस्तूचा पुरावा असतो. तो पुसून मिळालेली चकाकी महागच म्हणावी लागेल.

साठ वर्षांपूर्वीचा हा रेझर आजही वापरता येतो, कारण दुधारी पात्याचे मोजमाप बदललेले नाही. जिलेटच्या १९०४ च्या रेझरलाही आजचे पाते बसते. भारतात केशकर्तनालयातील न्हावी जे पाते मधोमध मोडून वस्तऱ्यात घालतो, तेही हेच.

प्रत्यक्ष दाढी करताना नवशिक्याची चूक ठरलेली असते : ९ हा अंक म्हणजे सर्वांत उत्तम दाढी, असे तो धरून चालतो. अंक हा गुणांचा नसून अंतराचा आहे. प्रथम दोन-तीन मिनिटे केस गरम पाण्याने भिजवावेत. केसातील केराटिन पाणी शोषून घेते व केस कापण्यास सोपा होतो. नंतर फेस लावून २ किंवा ३ या अंकावर, चेहऱ्याशी साधारण ३० अंशांचा कोन ठेवून, रेझरच्या वजनानेच पाते फिरवावे. हाताचा दाब देऊ नये. दोन-तीन दिवसांची दाढी असेल तर पहिला हात ५ किंवा ६ वर आणि दुसरा हात पुन्हा खालच्या अंकावर घेता येतो. अंक बदलला की कोनही किंचित बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी तो नव्याने शोधावा लागतो. कडे फिरविण्यापूर्वी खालची कळ थोडी सैल करावी. घट्ट आवळलेल्या स्थितीत ते जबरदस्तीने फिरविल्यास आतील भाग झिजतात.

वापरलेली पाती उघड्यावर टाकू नयेत. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवावीत. त्या काळच्या अमेरिकी घरांत न्हाणीघरातील औषधांच्या कपाटाला मागे एक अरुंद चीर ठेवलेली असे. जुने पाते तीतून आत सोडले की ते भिंतीच्या पोकळीत पडे आणि तेथेच राही. अशी घरे आज दुरुस्तीसाठी उघडली जातात, तेव्हा भिंतीआडून गंजलेल्या पात्यांचा ढीग बाहेर येतो.