आज्ञा सापडत नाही तेव्हा

लिनक्स संगणकावर नवे साधन बसवूनही ‘आज्ञा सापडली नाही’ असे उत्तर आल्यास ते पुन्हा बसविण्याची घाई शिक्षकबंधुभगिनींनी करू नये. साधन बहुधा जागेवरच असते; परंतु आपली लेखी आज्ञा वाचणारा शेल ते ‘पाथ’ नामक यादीतील फोल्डरांतच शोधतो. यादीतील नावांमध्ये अपूर्णविराम असतो. शोध डावीकडून उजवीकडे चालतो व प्रथम सापडेल तेच साधन चालते. एकाच नावाची दोन असता जुनेच पुढे येते ते यामुळे. नवा फोल्डर जोडताना मूळ यादी राखलीच पाहिजे. ती पुसली गेल्यास ‘एलएस’सारखी साधी आज्ञाही मिळेनाशी होते व तास खोळंबतो. सुदैवाने ही हानी त्या खिडकीपुरतीच असते. म्हणून जोडओळ आधी तेथे पारखावी, मगच ‘बॅशआरसी’ फाइलीत कायमची लिहावी.