स्क्रीनआधी बॅटरी बघा

बोटीवर नवं यंत्र घ्यायचं म्हटलं की आम्हा हर्णैकरांची नजर आधी स्क्रीनवर जाते. सात इंची की नऊ इंची, मासळी रंगीत दिसते का, वगैरे. माझं ऐकाल तर आधी पैसे बॅटरी, वायर आणि अँटेनावर घाला.

गणपतीनंतरची गोष्ट. रात्री परतताना सुवर्णदुर्गाच्या अलीकडे पंख्यात दोर गुंतला, इंजिन बंद. दोर कापून स्टार्टर मारला आणि प्लॉटर काळाठिक्कर. तो परत सुरू होऊन उपग्रह शोधेपर्यंत बोट खडपाकडे सरकत होती. तांडेलाने होकायंत्र आणि कनकदुर्गावरची बत्ती धरून ती बाहेर काढली. बसवणाऱ्याने प्लॉटर आणि वायरलेस दोन्ही स्टार्टरच्याच बॅटरीवर जोडले होते. स्टार्टर ओढतो तेव्हा थकलेली बारा व्होल्टची बॅटरी दहाच्याही खाली जाते आणि यंत्र बंद पडतं. किनाऱ्यावर जोडाची टेप सोलली, तर आतलं तांबं हिरवं. चिमटीत धरलं तर भुगा झाला. यंत्रांना वेगळी बॅटरी, कल्हईची वायर आणि प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज द्या. खर्च स्क्रीनपेक्षा कमीच येतो.

वायरलेसचंही तसंच. दुकानात पंचवीस वॅट ऐकवतात, पण व्हीएचएफ चालतो नजरेच्या रेषेत. अँटेना पाण्यापासून चार मीटरवर असेल तर तशाच दुसऱ्या बोटीशी पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत बोलता येतं. म्हणून अँटेना डोलकाठीच्या टोकाला लावा, केबिनवर नको. हातातला पाच वॅटचा सेट जोडीला असावा. मोठी बॅटरी गेली तरी तो बोलतो. मोबाईलवर 1554 लावला की तटरक्षक दल मिळतं खरं, पण रेंज असेल तर. आणि फोन एकालाच लागतो. चॅनल 16 वरची हाक आजूबाजूच्या सगळ्या बोटी ऐकतात.

इस्रोचं संकट-संदेश यंत्र मिळत असेल तर जरूर घ्या. ते उपग्रहावरून बोलतं, आणि नव्यात संदेश पोचल्याची पोचही येते. फिशफाइंडर सर्वांत शेवटी. (भाऊ अजून वाद घालतो.) स्पीकर मात्र होकायंत्राजवळ ठेवू नका, त्यातलं चुंबक काटा फिरवतं.

जून-जुलैच्या बंदीत बोट वर असते, तेव्हाच सगळे जोड उघडून बघा. आणि सगळी यंत्रं चालू ठेवून स्टार्टर मारा. एकही स्क्रीन मिचकली, तर ऑगस्टला निघू नका.