आधी नंबर, मग लोखंड

जुनी जीप विकायला निघते तेव्हा तिच्यासोबत एक दंतकथा फुकट मिळते. कुणाची जीप संस्थानिकांच्या शिकारीची असते, कुणाची ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेली, कुणाची गोऱ्या मेजरनं जाताना आजोबांना देऊन टाकलेली. मी अशा बऱ्याच जिपा पाहिल्या. दंतकथा सगळ्यांना होती. नंबराशी जुळणारे कागद फार थोड्यांना होते. सध्या माझ्याकडं कोल्हापूर भागातल्या एका मळ्यावरून घेतलेली, दुसऱ्या महायुद्धातली फोर्ड जीपीडब्ल्यू आहे. तिच्यामुळं आणि मित्रांच्या जिपांमुळं जे समजलं ते थोडक्यात असं: या गाडीत जे पुन्हा बनवता येत नाही ते आधी बघा, जे बनवता येतं त्याची घाई नाही.

तसं बनवता न येणारं फारसं काही नाहीच. अख्खी नवी बॉडी फिलिपिन्समध्ये तयार होते आणि जगभर जाते. महिंद्रानं पुढं कितीतरी वर्षं याच घराण्यातल्या जिपा बनवल्या, त्यामुळं ब्रेकचं, ट्रान्स्फर केसचं बरंच सामान इथल्या स्पेअरच्या दुकानांतही जमतं. पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट, टायर, सगळं मिळतं. मिळत नाही ते चेसिसवरचा मूळ नंबर आणि त्या नंबराची आरटीओतली नोंद. पण बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडतो, टायरला लाथ मारतो, हॉर्न वाजवतो आणि नेमक्या या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं तपासतो.

‘विलीज’ म्हणजे नेमकी कोणती?

आपल्याकडं दिसेल त्या जुन्या जिपेला विलीज म्हणतात. प्रत्यक्षात त्या नावाखाली तीन तऱ्हेच्या गाड्या खपतात. पहिली लष्करी: १९४१ ते १९४५ या काळात विलीजनं ‘एमबी’ आणि फोर्डनं ‘जीपीडब्ल्यू’ या नावानं एकाच आराखड्यावर बनवलेली. दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. युद्ध संपल्यावर इथं उरलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. जुनी माणसं त्यांना ‘डिस्पोजलची जीप’ म्हणतात. दुसरी नागरी: स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत विलीजचे सुटे भाग आणून महिंद्रानं मुंबईत जुळवलेली आणि तिच्या पुढच्या पिढ्या. तिसरी म्हणजे भंगारातली चेसिस, नवा पत्रा आणि भलत्याच गाडीचे कागद यांची मोट.

लष्करी जिपेच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात, नागरी जिपेच्या जाळीला सात. लष्करीचे दिवे जाळीच्या आत दबलेले असतात आणि बिजागरीवर उलटे फिरवून इंजिनवर उजेड पाडता येतो. नागरीचे दिवे बाहेर आलेले. लष्करीला मागं उघडणारी फळी नसते, स्टेपनी पाठीवर असते. पण ही सगळी पत्र्याची लक्षणं, आणि पत्रा वेल्डिंगनं कसाही बदलतो. म्हणून सतरंजी टाकून गाडीखाली झोपा. रेडिएटरच्या पुढची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर चेसिस विलीजची, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्डची. फोर्डनं स्वतःच्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर उठवलेलं असे. तेही शोधा.

नंबराची जागाही दोघांची वेगळी. फोर्डनं नंबर चेसिसच्या डाव्या दांडीवर ठोकून उठवला आणि कारखान्यातून निघताना इंजिनवरही तोच घातला. विलीजनं चेसिसला पट्टी रिव्हेटनं बसवली, इंजिनचा नंबर वेगळा ठेवला. पट्टी गंजते, पडते, काढूनही ठेवता येते. त्यामुळं विलीजच्या बाबतीत संशय दुप्पट ठेवावा. मी जीपीडब्ल्यू घेतली त्यामागं हेच कारण. गाडीत डिझेल इंजिन होतं, रंग उडालेला, फ्लोअरला भोकं. पण दांडीवरचा गंज तारेच्या ब्रशनं साफ केल्यावर पूर्ण नंबर वाचता आला, आरसीच्या पुस्तकात तोच निघाला आणि गोठ्यामागं पडलेल्या पेट्रोल इंजिनच्या ब्लॉकवरही तोच होता. तेवढ्यावर मी सौदा केला.

पुस्तक, वारस आणि बॅकलॉग

या गाड्यांची आरसी म्हणजे जुनं, हातानं लिहिलेलं पुस्तक असतं. त्यातला नंबर एमएच सुरू होण्याच्या आधीचा. तो आरटीओच्या संगणकात असेलच असं नाही. नसेल तर ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ नोंदवही त्या कार्यालयात सापडावी लागते. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्यालाच ही नोंद करायला सांगा. ‘तुम्ही गाडी न्या, कागद मागून होतील’ हे वाक्य आलं की चहा घ्यावा आणि उठावं. काही जुन्या पुस्तकांत चेसिसच्या रकान्यात इंजिनचाच नंबर लिहिलेला असतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसरा घोळ मालकाचा. पुस्तकावर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन जमाना झाला, आणि विकायला उभा नातू. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर चढते, मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर येते. इतर वारसांची लेखी संमती लागते. माझ्या एका मित्राचा व्यवहार पूर्ण पैसे दिल्यावर अडकला, कारण विकणाऱ्याची पुण्याची आत्या म्हणाली, ‘जीप माझ्या वडलांची, मला कुणी विचारलं?’ आत्याचं काही चुकलं नव्हतं.

तिसरी गोष्ट शुल्काची. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाला पाच हजार रुपये लागू झाले, पण तीच गाडी ‘आयात’ म्हणून नोंदलेली असेल तर चाळीस हजार. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी हे दर आणखी वाढले. पुस्तकात कोणता शेरा आहे ते सौद्याआधी वाचा. पर्यावरण कर वेगळा.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार चालत नाहीत. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. रविवारी पन्हाळ्याला जायचं स्वप्न असेल तर ही नोंदणी घेण्याआधी दोनदा विचार करा.

डिझेलचा मोह

लष्करी जिपेचं मूळ इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, साठ अश्वशक्तीचं पेट्रोल. ते पितं भरपूर. म्हणून आपल्याकडं शेकडो जिपांत प्युजो किंवा मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसलं. त्या काळच्या शेतकऱ्यानं ते केलं ते हिशेबानंच केलं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आज मात्र परिस्थिती निराळी आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मूळ रचना बदलायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर पासिंग अडतं आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं. जीप बघताना मूळ इंजिन कुठं गेलं हे जरूर विचारा. बऱ्याचदा ते शेडमध्ये असतं आणि भंगाराच्या भावात मिळतं.

गॅरेजमध्ये

माझी जीप पहिल्यांदा ज्या गॅरेजला दिली तिथं ती उत्साहानं खोलली गेली आणि मग तशीच पडून राहिली. उचल संपली, नवी मागणी आली, आणि परत आणली तेव्हा दिव्यांच्या बिजागऱ्या, डॅशवरच्या मूळ माहितीपट्ट्या गायब होत्या. तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. खोलण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो. सुटं सामान डब्यांत, डब्यावर चिठ्ठी, डबे माझ्या घरी. एका वेळी एकच काम आणि त्याचेच पैसे. संपूर्ण गाडीचा ठोक सौदा नाही.

पुढं जे मिस्त्री भेटले त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘सायेब, रंग काय कवाबी हुतोय. आदी ब्रेक बघा.’ त्यांचा क्रम मी इथं जसाच्या तसा देतो: चेसिसचे तडे, ब्रेक, स्टिअरिंग, मग इंजिन, गिअर, वायरिंग, पत्रा, आणि सर्वांत शेवटी रंग.

ब्रेक आधी, कारण या गाडीला एकच ब्रेक लाइन आहे. एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. नळ्या, होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर नवेच घाला. हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्स्फर केसच्या मागं, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. त्याचा परिणाम असा, की मागचं एक चाक जॅकवर उचललं तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी पुढं सरकू शकते, कारण डिफरन्शिअल मोकळं चाक फिरवू देतं. आमच्या ओळखीत एकाचा पाय यातच चेंगरला. चाकांना दोन्हीकडून दगड लावल्याशिवाय जॅक लावू नका. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हेही गॅरेजमधल्या पोराला सांगून ठेवा. नाहीतर पान्ह्याला पाइप लावून तो स्टड तोडून ठेवतो.

पत्र्यासाठी चुंबक न्या. जिथं चिकटत नाही तिथं लांबी भरलेली. फ्लोअरखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांत कारखान्यानं लाकूड घातलं होतं. ते पाणी धरतं आणि पट्टी आतून सडते. कोकणातल्या जिपेच्या या पट्ट्या वरून ठीक दिसल्या तरी टोचून बघा.

पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखालीच आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर खातं आणि ओल धरतं. होज आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घाला, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. वास आला की शोधून काढा, ‘जुनी गाडी, वास यायचाच’ म्हणून सोडू नका.

रंगाचं एक सांगायलाच हवं. लष्करी जीप म्हटली की सगळ्यांना ऑलिव्ह ग्रीन हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमानं तो रंग संरक्षण खात्यासाठी राखीव आहे. हजारो रुपयांचा रंग मारून पासिंगला गेलेली गाडी परत आलेली मी पाहिली आहे. पुस्तकात जो रंग आहे तोच द्या.

चालवताना

चाकांतलं अंतर ऐंशी इंच, डावं स्टिअरिंग, वजन वर. ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही, शेजारी माणूस हवा. वळणावर घाई केली तर ती कलंडते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नका. मध्ये डिफरन्शिअल नाही, ताण गिअरवर येतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग घ्यायची कशाला? चिखलात, ओढ्यात, उसाच्या सरीतून ती ज्या सहजतेनं जाते ते बघितलं की हा प्रश्न पडत नाही. पण घ्यायला जाताना खिशात तारेचा ब्रश, पेन्सिल आणि कोरा कागद ठेवा. दांडीवरच्या नंबराची छाप घ्या, पुस्तकाशेजारी धरा. एक आकडा जरी जुळला नाही, तर जीप कितीही देखणी असो आणि आजोबांचा मेजर कितीही मोठा असो, नमस्कार करून परत या.