रेगेटॉनची राणी

अटलांटिक महासागर आणि कॅरिबियन समुद्र यांच्या मध्ये पोर्टो रिको नावाचे बेट आहे. १८९८ पासून तेथे अमेरिकेची सत्ता असली, तरी लोकांची भाषा स्पॅनिश आहे. बेटाच्या पश्चिमेस आन्यास्को या गावी ४ मार्च १९७२ रोजी मार्था इव्हेलिस पेसांते हिचा जन्म झाला. तिचे काही बालपण न्यूयॉर्क शहरात गेले. पुढे कुटुंब बेटावर परतले. गीते रचण्याचा नाद मात्र तिला लहानपणापासूनच होता.

त्या काळी बेटावर एक नवे गाणे रुजत होते. त्याची मुळे दूरदूरची होती. पनामाचा कालवा खोदण्यासाठी जमैका व इतर बेटांवरून हजारो मजूर गेले होते. त्यांच्या वंशजांनी जमैकाचे रेगे संगीत स्पॅनिश भाषेत गाण्यास आरंभ केला. न्यूयॉर्कचे रॅप, म्हणजे तालावर झरझर म्हटलेले पद्य, त्यास येऊन मिळाले. पोर्टो रिकोच्या गरीब वस्त्यांतील तरुणांनी या साऱ्यांचा मेळ घातला. हेच गाणे पुढे रेगेटॉन या नावाने प्रसिद्ध झाले. एकच ठेका आरंभापासून अखेरपर्यंत घुमत राहतो आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलू लागतात! या गाण्यांच्या ध्वनिफिती हातोहात फिरत. प्रतिष्ठित मंडळींना हा प्रकार मुळीच रुचला नाही. गाण्यांतील शब्द पुष्कळदा हिंसेचे व अशिष्ट असत, हेही खोटे नव्हे. १९९५ साली पोलिसांनी राजधानी सान हुआन येथील दुकानांवर छापे घालून अशा ध्वनिफिती जप्त केल्या.

मार्था याच सान हुआनमध्ये येऊन ‘द नॉइज’ या गायकांच्या मंडळात सामील झाली होती. तेथे सारे पुरुष. स्त्री ती एकटीच. ‘आयव्ही क्वीन’ हे नाव तिने धारण केले. क्वीन म्हणजे राणी. राज्य मिळण्यापूर्वीच मुकुट चढविण्याचे हे धाडस होते! स्त्रीचा आवाज कोकिळेसारखा असावा, अशी आपली समजूत असते. आयव्हीचा आवाज मात्र खर्जातला, काहीसा खरखरीत. तो मुलायम करण्याच्या फंदात ती पडली नाही. १९९५ मधील तिच्या पहिल्याच गाण्याच्या नावाचा अर्थ असा : आम्ही रॅप गाणारे आहोत, गुन्हेगार नव्हे. ज्या वर्षी ध्वनिफिती जप्त झाल्या, त्याच वर्षीचे हे उत्तर.

परंतु सोबत्यांची तीच ती हिंसेची गाणी तिला नकोशी झाली आणि ती स्वतंत्रपणे गाऊ लागली. १९९७ साली तिचा पहिला गीतसंग्रह निघाला. दुसरा संग्रह एका मोठ्या कंपनीने १९९८ साली काढला. तो फारसा खपला नाही, तेव्हा कंपनीने तिच्याशी संबंध तोडला. दुसरी एखादी खचून गेली असती. आयव्ही पाच वर्षांनी ‘दिवा’ हा संग्रह घेऊन पुन्हा उभी राहिली.

२००३ च्या या संग्रहातील एक नृत्यगीत देशोदेशी गाजले. त्यात एक स्त्री आपल्या जोडीदाराला ठणकावून सांगते, की तुझ्याबरोबर नाचले म्हणजे तुझ्या हरएक इच्छेला होकार दिला असे नव्हे. तोवर रेगेटॉनमध्ये स्त्रीविषयी बहुधा पुरुषच बोलत असत. येथे स्त्री स्वतः बोलत होती, आणि त्याच ठेक्यावर पुरुषही नाचत होते.

२०२१ साली रेगेटॉनचा इतिहास सांगणारी एक ध्वनिमालिका प्रसिद्ध झाली. निवेदनासाठी आवाज निवडला गेला तो आयव्हीचाच. तोच खर्जातला, खरखरीत आवाज.